म्हैस कोणाची

रबाळ्याच्या प्लॉटमध्ये टाकी क्रमांक चार.
दर दोन तासांनी मी तिच्यापाशी जायचो,
टॉर्च मारायचो, नटाला हात लावून बघायचो
आणि नोंदवहीत लिहायचो: ठीक.
तेरा वर्षं. ठीक, ठीक, ठीक.
त्या रात्रीही बाराला ठीक,
दोनला ठीक.

दोन चाळीसला ती फुटली.
आवाज फार नव्हता, कुणी मांजरपाट फाडावं तेवढा.
आधी टाकी, मग तिच्याभोवतीची भिंत,
मग गटार, गटारातून नाला,
आणि नाल्याला उतार शिकवावा लागत नाही.
पहाटेपर्यंत ॲसिड खाली तळवलीकडे पोचलं,
अनुबाई मढवीच्या तळ्यात,
जिथं अडीच वर्षांचे जिताडे होते,
धाकटीच्या लग्नासाठी राखलेले.
मी पाहिले ते. माशाला पापणी नसते.
डोळे उकडल्यासारखे पांढरे,
पण उघडे.

बेलापूरच्या कोर्टात आमच्या वकिलांनी
माझी वही देव्हाऱ्यातून काढावी तशी काढली.
बघा, म्हणाले, या माणसाची काळजी बघा.
पत्र्याची जाडी मोजलेली, झडप तपासलेली,
गास्केट नवं, दाखला ताजा.
कुणाचीच चूक नाही.
सत्काराला बसवल्यासारखा
मी मान ताठ करून बसलो.

न्यायाधीश बाईंनी पानं उलटली.
सगळी उलटली, हे सांगायला हवं.
मग वही मिटून म्हणाल्या,
चूक झाली का, हे मी विचारतच नाहीये.
ही वस्तू तुम्ही तुमच्या जागेत आणली.
ती तिथं आपणहून उगवली नव्हती.
आणि ती सुटली.

खोटा ठरलो असतो तर भांडलो असतो.
पण खरं धरून बाजूला ठेवलं,
त्याचं काय करायचं?

परतताना बसमध्ये, तुर्भ्याच्या पुलावर,
आमची चांदी आठवली.
दावं तोडून एका रात्री ती
रावजी भोईराच्या वालात शिरली होती.
ते दावं बाबांनी स्वतः वळलेलं, काथ्याचं,
मी लोंबकळून बघितलेलं.
नऊ वर्षांचा मी पंचांना रडत हेच सांगत होतो,
दावं चांगलं होतं, दावं चांगलं होतं.
बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.
पंचांनी दावं हातात घेतलंसुद्धा नाही.
एवढंच विचारलं: म्हस कोनाची?
माझी, बाबा म्हणाले,
आणि दोन मण भात मापून आले.
चांदीला मारलं नाही.
दावंही फेकलं नाही,
गाठ मारून त्यानंच परत बांधली.

कंपनीचा चेक गेला अनुबाईला.
सोबत पत्र, दोन पानांचं,
अपिलाचा हक्क राखून,
कसलीही कबुली न देता.
बाबांना एक शब्द पुरला होता.

मी तिच्याकडे गेलो, वही न घेता.
तळ्यात चुना टाकत होती.
तू व्हतास ना त्या राती, म्हणाली.
व्हतो, म्हटलं.
पुढचं सगळं तोंडात तयार होतं,
गास्केट, झडप, दोनची फेरी.
तिनं घमेलं पुढं केलं. मी धरलं.

आता नवी टाकी आली आहे. क्रमांक चारच.
दर दोन तासांनी जातो, टॉर्च मारतो.
'ठीक' लिहिण्याआधी जरा थांबतो,
खाली उतारावर कुठं कुठं दिवे आहेत
ते मोजतो.
वहीत त्यासाठी रकाना नाही.
काल दोन वाजता सात होते,
त्यातला एक तळ्याकाठचा.